बिऱ्हाड बोटीवर

ब्रिटनमध्ये टूरिंग कॅरॅव्हॅनला, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या घराला, स्वतःचा नंबर नसतो. ओढणाऱ्या गाडीचा जो नंबर, तोच पिवळ्या पाटीवर घालून मागे लावायचा. आरसी बुक नाही, दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही. लीड्सला होतो तोवर मला हे फार सोयीचं वाटायचं. मग न्यूझीलंडला जायचं, आमची कॅरॅव्हॅनही बोटीने न्यायची असं ठरलं, आणि शिपिंग एजंटने पहिल्याच फोनवर विचारलं, "ही तुमचीच आहे, याचा कागद आहे ना?"

कागद होता, पण लंगडा. ब्रिटनमध्ये १९९२ पासून कॅरॅव्हॅनची 'क्रिस' नावाची नोंदणी आहे. कॅरॅव्हॅनचा सतरा अक्षरांचा नंबर चासीवर असतो, खिडक्यांवरही कोरलेला असतो, आणि त्या नंबरापुढे आपलं नाव लावून एक दाखला मिळतो. पण तो कायद्याने मालकीचा पुरावा नव्हे. आपल्या सातबाऱ्यासारखंच म्हणा ना. सगळा गाव त्याच्यावर चालतो, पण कोर्टात तो मालकीचा शेवटचा शब्द ठरत नाही. मग खरेदीची पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, दोन वर्षांचे विम्याचे कागद असं सगळं जोडून एक फाइल केली. ती फाइल पुढे इतक्या जणांना पाठवली की तिचं नाव मला पाठ झालं.

कॅरॅव्हॅन म्हटलं की आपल्याकडे नटनट्यांची व्हॅनिटी व्हॅन डोळ्यांपुढे येते. ही तशी नव्हे. इंजिन नसलेली, गाडीच्या मागे हुकाला अडकवून न्यायची खोली. आत चार जणांची झोपायची सोय, तीन शेगड्यांचा ओटा, फ्रीज, आणि कपाटाएवढं न्हाणीघर. हल शहराजवळच्या कारखान्यात बनलेली, आमच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची. १९९७ नंतर लायसन्स काढणाऱ्यांना जड कॅरॅव्हॅन ओढायला तिथे वेगळी परीक्षा द्यावी लागे. ती अट डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि २०२२ च्या वसंतात नवऱ्याने साडेसात हजार पौंडांना ही घेऊन टाकली. दारात आली तशी मी पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, अक्षता, नारळ. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होते. त्या अक्षतांचं पुढे काय झालं ते सांगतेच.

मी मिरजेत नर्सिंग केलेली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूझीलंडने नर्सना थेट कायमच्या रहिवासाच्या यादीत घातलं, आणि वर्षभरात तिथल्या हॅमिल्टनची नोकरी हातात आली. घरातलं सामान काय न्यायचं, काय विकायचं यावर वाद झाला नाही. कॅरॅव्हॅनवर झाला. मुलांनी ठरवून टाकलं होतं की ती येणारच. सांगलीहून आईचा फोन, "अगं, ते डबडं कशाला नेताय बोटीतून? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तुमचं तर समुद्रावर." नवऱ्याने वहीत आकडे मांडले. लीड्समध्ये विकली तर साडेसहा हजार पौंड हाती येतील. तिकडे अशीच, एवढ्याच वयाची घ्यायला गेलं तर पस्तीस हजार डॉलर, म्हणजे सतरा हजार पौंडांच्या आसपास. न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश बनावटीच्या जुन्या कॅरॅव्हॅन जागोजाग दिसतात, कारण व्यापारी नेमका हाच फरक खातात. शिवाय दोन्ही देशांत गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे दार फुटपाथच्याच बाजूला उघडतं. युरोपातली घेतली असती तर दर वेळी रहदारीत पाय टाकावा लागला असता.

बोटीतून न्यायचे मार्ग दोन. एक कंटेनर, दुसरा 'रो-रो', म्हणजे गाड्या थेट जहाजाच्या पोटात ओढत नेऊन बांधायच्या. आम्हाला कंटेनर हवा होता, कुलूप लावून निश्चिंत. चाळीस फुटी उंच कंटेनरचं दार २.३४ मीटर रुंद आणि २.५८ मीटर उंच. आमची कॅरॅव्हॅन रुंदीला २.२५. दोन्ही बाजूंना जेमतेम साडेचार-साडेचार सेंटीमीटर मोकळे. उंचीला मात्र २.७४. छतावरची टीव्हीची अँटेना काढली तर २.६२. चार सेंटीमीटरसाठी अडलं. "टायरमधली हवा काढू," नवरा म्हणाला. पावसात, हातात टेप घेऊन, त्याने हे खरंच करून पाहिलं. दोन सेंटीमीटर खाली आली. उरलेल्या दोनसाठी मी त्याला घरात ओढून आणला.

म्हणजे रो-रो. त्याचं भाडं घनमीटरवर, आणि मोजमाप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुढचा लोखंडी दांडा धरून, छतावरची टोपणं धरून. हवेचेही पैसे. लांबी ७.२ मीटर, म्हणून ४२ घनमीटर, दर ८० पौंड, भाडं तीन हजार तीनशेच्या पुढे. अँटेना तेवढी आधीच उतरवली होती. त्या बारा सेंटीमीटरचे दीडशे पौंड वाचले. ज्याला कुणाला हे करायचंय त्याने छतावर चढून पाहावं, एवढंच सांगते.

रो-रोत आत सामान ठेवता येत नाही. आम्हाला वाटलं होतं की चादरी, भांडी, मुलांचे खेळ आतच राहतील. काही नाही. फक्त भिंतीला पक्कं असलेलं राहील. गॅसच्या टाक्या काढायच्या, बॅटरीची तार सोडवायची, पाण्याच्या टाक्या रिकाम्या. बाकी सगळं खोक्यांत भरून घरसामानाच्या कंटेनरमध्ये गेलं, त्यात कॅरॅव्हॅनची किटलीही. तिचा उल्लेख मुद्दाम करतेय.

आता खरं काम. न्यूझीलंडला बाहेरची माती, बी आणि कीड यांचं जेवढं वावडं आहे तेवढं मी कुठल्या देशात पाहिलं नाही. किवी, सफरचंदं, द्राक्षं यांवर पोट असलेला देश, चहूकडून समुद्र, मग का नसावं? तिथल्या प्राथमिक उद्योग मंत्रालयाचे अधिकारी बंदरावर प्रत्येक जुनं वाहन तपासतात. सगळ्यात धास्ती तपकिरी स्टिंक बगची. ढालीच्या आकाराचा, चिरडला की घाण वास सोडणारा, मूळ पूर्व आशियातला, आता अमेरिकेत आणि इटलीत पसरलेला. उत्तर गोलार्धात थंडी पडायला लागली की तो गाड्यांच्या फटींत शिरून झोपतो. जहाज विषुववृत्त ओलांडून गेलं की उन्हाळ्यात जागा होतो, समोर फळबागा. म्हणून सप्टेंबर ते एप्रिल तिथे विशेष पहारा. २०१८ च्या फेब्रुवारीत जपानहून गाड्या घेऊन आलेली काही जहाजं या किड्यापायी ऑकलंडहून माघारी पाठवली होती. आमची कॅरॅव्हॅन नेमकी मार्चमध्ये पोचणार.

डिसेंबरातल्या लीड्समध्ये बाहेर उभं राहून कॅरॅव्हॅन धुणं म्हणजे काय ते लिहून कळणार नाही. प्रेशर वॉशर सरसकट मारता येत नाही, कारण पत्र्यांचे सांधे पुट्टीसारख्या पदार्थाने बंद केलेले असतात. जोरात पाणी मारलं की ते आत, आणि मग भिंती कुजतात. चाकांवरच्या कमानींत, चासीखाली तो चालवायचा, बाकी सगळं हाताने. तंबू अडकवायची ॲल्युमिनियमची पन्हळ छताच्या कडेने जाते, तिच्यात दोन वर्षांचं शेवाळ आणि गवताचं बी. ते काढायला जुने टूथब्रश आणि विणायची सुई. फ्रीजच्या मागे बाहेरून दोन जाळ्या असतात. त्या उघडल्या तर आत कोळ्याची जळमटं आणि कापसासारखी पांढरी अंड्यांची पिशवी. खिडक्यांच्या रबरांखाली मुंग्या, स्टेपनीच्या पिंजऱ्यात वाळलेला चिखल, कोपऱ्यांना टेकवायच्या लोखंडी पायांच्या आट्यांत माती. तीन शनिवार-रविवार गेले. लेक टॉर्च धरून चासीखाली आडवी पडायची आणि ओरडायची, "इथे अजून आहे!"

आतलं माझ्याकडे होतं, आणि मला त्याची खात्री होती. रोज ओटा पुसणारी बाई मी. गाद्या बाहेर काढून कपाटं व्हॅक्यूम केली, कापडाने पुसली, मग पुन्हा व्हॅक्यूम. फोडणीचा विचार डोक्यातच आला नाही. दोन उन्हाळे त्या ओट्यावर रोज पोहे, आमटी, भाजी झालेली. मोहरी कढईतून कुठवर उडते हे घरात आपण कधी मोजत नाही. केर काढला की संपलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साउथहॅम्प्टनला नेऊन दिली. किल्ल्या पाकिटात घालून द्यायच्या, कारण कस्टमवाल्यांना आत जाता आलं पाहिजे. एक पिवळ्या जाकिटातला माणूस भोवती फिरून आधीचे ओरखडे कागदावरच्या चित्रात खुणावत होता. मी माझेही फोटो काढून ठेवले, चाळीसेक. मग एका बुटक्या ट्रॅक्टरने तिला हुकावर घेतलं आणि रणगाडे, बुलडोझर, नव्या कोऱ्या गाड्या यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. धाकटा हात हलवत होता. पिवळी पाटी मी आदल्याच रात्री काढून बॅगेत टाकली होती. ती आमच्या गाडीची, आणि गाडी तर विकली.

वाटेचं फार सांगण्यासारखं नाही. जहाज अमेरिका करून पनामा कालव्यातून जाणार होतं. त्या हिवाळ्यात कालव्याला पाणी पुरवणारा गातून तलाव खाली गेला होता आणि रोज सोडायची जहाजं कमी केली होती, त्यामुळे तारखा तीनदा पुढे गेल्या. आम्ही हॅमिल्टनला येऊन भाड्याचं घर घेतलं. मूळ बेत असा होता की घर मिळेपर्यंत कॅरॅव्हॅनमध्ये राहू. घर आधी मिळालं.

पैशांचा एक मुद्दा मात्र सांगते, कारण त्यात आम्ही फसलो. ब्रिटनमधल्या एजंटने दिलेला आकडा बंदर ते बंदर एवढाच होता. ऑकलंडला उतरल्यावरचे बंदराचे पैसे, तिकडच्या एजंटची फी, तपासणीचे तासाप्रमाणे पैसे, हे सगळं वेगळं, आणि त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. विमाही आम्ही त्याच्याच सांगण्यावरून घेतला. नंतर बारीक अक्षरं वाचली तर कॅरॅव्हॅन पुरती बुडाली तरच पैसे मिळणार. काच फुटली, पत्रा चेपला, काही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, जुन्या वाहनांना असंच असतं. असेल. पण आधी सांगायला तोंड नव्हतं का?

कस्टमचं त्यामानाने सुरळीत झालं. पहिल्यांदाच राहायला येणाऱ्याने वर्षभराहून जास्त वापरलेलं वाहन आणलं तर सूट मिळते. नाहीतर किंमत अधिक भाडं यावर १५ टक्के जीएसटी. बदल्यात दोन वर्षं विकणार नाही असं लिहून द्यावं लागतं. इथे ती फाइल कामाला आली, विशेषतः विम्याचे कागद, कारण त्यावर तारखा होत्या.

तपासणीच्या दिवशी मी ड्यूटीवर होते. दुपारी एजंटचा मेल आला, सोबत दोन फोटो. पहिल्या फोटोत कुणाच्या तरी निळ्या मोज्यातल्या तळहातावर चार दाणे, लाल. दुसऱ्यात ओट्याखालचा ड्रॉवर काढून ठेवलेला आणि तो ज्या पट्टीवर सरकतो तिच्या खोबणीत काळे दाणे, एका रांगेत, माळ ओवल्यासारखे. खाली एवढंच, की बिया सापडल्या आहेत, लाल वस्तू काय आहे ते कळवा.

ब्रेकमध्ये मी अधिकाऱ्याला फोन लावला. बाई होत्या, आवाज शांत. मी सांगितलं, तो तांदूळ आहे, कुंकू लावलेला. नवीन वाहन आलं की आम्ही त्याच्यावर टाकतो. त्या म्हणाल्या, "वाहनावर टाकता?" म्हटलं, हो, शुभ असतं. क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की पॉलिश केलेला तांदूळ रुजत नाही, त्याची मला चिंता नाही, पण मोहरी रुजते, आणि मला बत्तीस दाणे मिळालेत, म्हणजे न मिळालेले आणखी असणार. त्यांनी मोजले होते! इतक्या वर्षांत माझ्या ओट्याला नाव ठेवणारी ही पहिलीच बाई, आणि तिचं बरोबर होतं. अक्षता दाराच्या पायरीच्या रबराखाली सापडल्या होत्या. तिथे मी स्वतः, दोनदा, हात फिरवला होता.

पुन्हा सफाई, तिथल्याच माणसांकडून, तासावर. सगळे ड्रॉवर बाहेर, पट्ट्या सुट्या, शेगडी उचलून खालचा पत्रा साफ. मग दुसरी तपासणी. दोन्ही मिळून सहाशे डॉलर झाले. आईला सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. म्हणाली, "एवढी महागाची मोहरी तर आपल्या सांगलीच्या बाजारातही नाही." मग तिने पुढे सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, मला नंतर तीन मावश्यांचे फोन आले.

कॅरॅव्हॅन बंदरातून सुटली तरी रस्त्यावर आणता येईना. इथे ट्रेलरला स्वतःचा नंबर लागतो, स्वतःची नोंदणी, दरवर्षीची वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, आणि हे होईपर्यंत ओढायची नाही. म्हणून ऑकलंडहून हॅमिल्टनला आमची चाकांची कॅरॅव्हॅन ट्रकवर चढून आली. दार उघडलं तर बंद खोलीचा कुबट वास. भिंतींची ओल मोजायचं यंत्र लावलं. सगळीकडे पंधराच्या आत, फक्त पुढच्या खिडकीच्या एका कोपऱ्यात एकोणीस टक्के. वीसच्या वर गेलं की काळजी. तो कोपरा अजून दर महिन्याला मोजते, पेशंटचं टेंपरेचर घ्यावं तसा.

नोंदणीआधीच्या तपासणीत साखळीवर अडलं. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन हुकातून सुटली तर एक बारीक केबल ताणली जाते, ब्रेक लागतात आणि केबल तुटून ती मागे थांबते. इथे आमच्या वजनाला, दीड टनाला, साखळी हवी. सुटली तरी गाडीला धरून राहिली पाहिजे. दोन देशांची दोन तत्त्वं, एक म्हणतं सोडून दे, दुसरं म्हणतं धरून ठेव. आमच्या दांड्यावर साखळी अडकवायला जागाच नव्हती, ती एका फॅब्रिकेटरकडून बसवून घेतली. गाडीकडचा दिव्यांचा प्लग तेरा पिनांचा, इथे सात पिनांचा चपटा, तोही बदलला. हुकाचा गोळा मात्र पन्नास मिलिमीटरचाच मिळाला. इथे १ ७/८ इंचाचा, जुन्या मापाचा गोळाही चालतो, त्यामुळे गाडी घेताना आधी खाली वाकून गोळा पाहायचा.

मग विजेची वॉरंट, ती चार वर्षांची. व्होल्टेज दोन्हीकडे २३०. बाहेरून वीज घ्यायचा निळा गोल प्लगही तोच, पिनसुद्धा बदलावी लागली नाही. इलेक्ट्रिशियनने आतली ब्रिटिश पद्धतीची सॉकेट काढून तिरप्या पिनांची इथली बसवली, ब्रेकर तपासला, स्टिकर लावलं. गॅसचा रेग्युलेटर आणि नळी नवी. हे सगळं धरून, नंबराची पाटी लागेपर्यंत, इथे उतरल्यावरचा खर्च साडेचार हजार डॉलरच्या घरात गेला. भाड्याचे तेहतीसशे पौंड वेगळे. नवऱ्याची वही म्हणते तरीही फायदाच. वहीत माझे डिसेंबरातले सहा दिवस धरलेले नाहीत.

मे महिन्यात पहिल्यांदा निघालो, कोरोमंडलला. नाव ऐकून मुलांना वाटलं आपल्या कोरोमंडल किनाऱ्याशी काही नातं असेल, आणि आहेच. १८२० मध्ये कौरी झाडांची खोडं न्यायला इथे आलेल्या ब्रिटिश जहाजाचं ते नाव, आणि जहाजाला नाव आपल्याकडच्या किनाऱ्यावरून. २०२३ च्या जानेवारीत पावसाने खचलेला कोपू-हिकुआईचा रस्ता डिसेंबरात नवा पूल होऊन उघडला होता, त्यावरून गेलो. मागे ट्रेलर असला की नव्वदच्या वर जायचं नाही. नवरा ऐंशीनेच चालवत होता, मागे रांग लागली की बाजूला घेऊन वाट द्यायचा.

व्हिटिआंगाला पोचेस्तोवर अंधारलं होतं, गारठा होता. धाकट्याने निळी वायर खांबाला जोडली, आत दिवे लागले, सगळे हसलो. मी खोक्यातून किटली काढली, पाणी भरलं, आणि प्लग सॉकेटपाशी नेला. किटलीला तीन जाड चौकोनी पिना, भिंतीला तिरप्या फटी. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी सॉकेटकडे. ॲडॉप्टर हॅमिल्टनला, स्वयंपाकघरात, मिक्सरला लावलेला.

मी गॅस पेटवला आणि चहा पातेल्यात टाकला.